अठरावा सुळका

"पाटणे, तुमच्या गांधीलमाश्या नखं रंगवतात का?"

रिपोर्टच्या शेवटच्या पानावर, सही-शिक्क्याच्या खाली, पेन्सिलीने एवढंच लिहिलं होतं. लिहिणारा आगाशे पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत होता. त्याच्याकडे आमच्याहून मोठं मशीन होतं आणि गावोगावच्या विद्यापीठांचे नमुने त्याच्या दाराशी रांग लावून बसलेले असत. आमचे साडेचार महिने बसले. सोमवारी दुपारी पाकीट आलं, आणि गुरुवारी अकरा वाजता वैजयंता कारंडेची पीएच.डी.ची व्हायवा होती. टपालखात्याला वेळेचं भान नसतं असं लोक म्हणतात. मला ते कधी पटलं नाही.

मी रिपोर्ट वाचला, प्रयोगशाळेचं दार लोटून घेतलं आणि पुन्हा वाचला. सुळका क्रमांक अठरा: डायब्युटिल थॅलेट. कीटकाच्या अंगचं असण्याची शक्यता नाही. प्लॅस्टिक मऊ राहावं म्हणून घालतात, नेल पॉलिश तडकू नये म्हणून घालतात.

म्हणजे वैजूच्या प्रबंधातलं चौथं प्रकरण गेलं. आणि ते कुणी घालवलं हे जगात मला एकट्याला ठाऊक होतं.

साल अठ्ठ्याण्णव. मी प्राणिशास्त्र विभागात तांत्रिक सहायक होतो, अकरा महिन्यांच्या बोलीवर. अकरा महिने झाले की एक दिवस घरी बसायचं, मग पुन्हा अकरा महिने. त्या एका दिवशी विद्यापीठ मला ओळखत नसे. अशी सहा वर्षं झाली होती. माझ्या ताब्यात गॅस क्रोमॅटोग्राफ नावाचं यंत्र होतं. विभागात त्याला नुसतं 'जीसी' म्हणत. माशी एका द्रावणात दहा मिनिटं बुडवायची, तिच्या अंगावरचा मेणासारखा पातळ थर त्यात उतरतो, त्याचा थेंब जीसीत टोचायचा. मग त्यातली रसायनं एकामागून एक बाहेर पडत आणि कागदावर प्रत्येकाचा एकेक सुळका उमटे. सुळका जितका मोठा तितकं रसायन जास्त. पण ते रसायन कोणतं, हे आमच्या यंत्राला सांगता येत नसे. त्यासाठी पुणं.

वैजूची माशी म्हणजे आपल्या खिडकीच्या चौकटीला, व्हरांड्याच्या छताला कागदी पोळं करते तीच. मधमाश्यांत राणी लांबलचक असते, कुणीही ओळखावी. या माशीत तसं काही नाही. राणी आणि कामकरी दिसायला सारख्याच. राणी कुणाच्या अंगावर जात नाही, धावपळ करत नाही, पोळ्याच्या एका बाजूला बसून असते. तरी बाकीच्या तीस-चाळीस जणींपैकी एकही अंडं घालायचं धाडस करत नाही. का? तर अंगावरच्या थरातली रसायनं राणीची वेगळी आणि कामकरींची वेगळी असावीत. असावीत, असं सगळे म्हणत. वैजूने ते दाखवलं. अडतीस पोळ्यांतल्या अडतीस राण्यांच्या अंगावर एक रसायन सापडलं आणि चारशेवर कामकरींपैकी एकीच्याही अंगावर नाही. तो अठरावा सुळका. कागदावर तो असा ताठ उभा राहायचा की आमच्या हर्डीकर मॅडम, म्हणजे वैजूच्या मार्गदर्शक, त्याला 'आपला दीपस्तंभ' म्हणत.

प्रबंधाच्या मराठी सारांशाला वैजूने नाव दिलं होतं 'गांधीलमाशीच्या दोन जातींमधील रासायनिक फरक'. ते वाचून परीक्षा विभागाने फाइल मागासवर्ग कक्षाकडे पाठवली आणि तीन आठवड्यांनी ती 'पडताळणी प्रमाणपत्र जोडावे' असा शेरा घेऊन परत आली. मॅडमनी 'जातींमधील' खोडून 'गटांमधील' केलं. लगेच मंजूर.

तर, सारख्या दिसणाऱ्या माश्या ओळखायच्या कशा? पाठीवर रंगाचे ठिपके द्यायचे. पहाटे, गारठ्याने माश्या सुस्त असताना, खराट्याच्या काडीने. निळी-पिवळी, निळी-निळी, हिरवी-पांढरी अशी त्यांची नावं पडत. यात मॅडमचा एक नियम होता, त्यांच्या गुरूंकडून चालत आलेला. लाल ठिपका फक्त राणीला. माशी अंडं घालताना दिसली की ती राणी; राणी ठरली की लाल. दुरून दिसावी म्हणून, आणि मला वाटतं, थोडं मानाचं म्हणूनही.

रंग म्हणजे खेळण्यातल्या विमानांना देतात ते इनॅमल, छोट्या डब्यांतले, मुंबईहून मागवलेले. ते आपल्याच नमुन्यात उतरून घोळ करतील हे वैजूच्या ध्यानात होतं. तिने पहिल्याच वर्षी प्रत्येक रंग वेगळा विरघळवून, जीसीत टोचून, त्याचे सुळके वजा करायची सोय केली होती. काम चोख होतं. फक्त त्याच उन्हाळ्यात, खरे नमुने गोळा करायच्या आधी, लाल डबा वाळून दगड झाला.

मी मागणीपत्र दिलं. भांडार विभागाने शेरा मारला, 'एकच डबा का? संच मागवावा.' संच मागवला. शेरा आला, 'इतर रंग शिल्लक असताना संच का?' इकडे पोळ्यांचा हंगाम सुरू झालेला. तेव्हा मी स्टँडमागच्या बांगड्यांच्या दुकानातून लाल नेल पॉलिश आणलं, वाळका डबा खरवडून धुतला आणि त्यात ओतलं. नोंदवहीत लिहिलं, 'लाल इनॅमल, शिल्लक पुरेशी.' नेल पॉलिश असं लिहिलं असतं तर लेखापरीक्षकाने विचारलं असतं, विभागात लग्न कुणाचं? पुढे अडीच वर्षं डबा संपत आला की मी नवी बाटली आणून ओतत होतो. वैजूला सांगितलं नाही, मॅडमना सांगितलं नाही. लपवायचं म्हणून नव्हे. त्यात सांगण्यासारखं काही आहे असं वाटलंच नाही.

मंगळवारी सकाळी वैजू विभागाच्या मागच्या जिन्यावर बसून व्हायवाच्या ट्रान्सपरन्सींना नंबर घालत होती. डोक्यावर, जिन्याच्या पोटाला, तिची दोन पोळी होती.

"काय रे पाटण्या, तोंड का असं? डब्यात कारलं आलंय?"

मी रिपोर्ट पुढे केला. ती वाचताना ओठ हलवत असे. ओठ मधेच थांबले.

"हे कुणाचं?"

"आपलं."

"आपलं नाही. त्या आगाशेने नमुने बदललेत. आपल्याकडे नेल पॉलिश कुठून येईल?"

मग मी सांगितलं. डबा, भांडार विभागाचे शेरे, स्टँड, बांगड्यांचं दुकान. ती मांडीवरच्या ट्रान्सपरन्सीचा नंबर पुन्हा पुन्हा गिरवत राहिली.

"अडीच वर्षं," शेवटी म्हणाली.

"हो."

"अडीच वर्षं पहाटे पाचला उठून, श्वास रोखून, एकेकीच्या पाठीवर मी तुझं नेल पॉलिश लावत होते."

"हो."

"नंदीबैलासारखा हो हो काय करतोयस?"

"वास नाही आला तुला?" हे विचारायची माझी लायकी नव्हती, पण तोंडातून गेलं.

"तुझ्या इनॅमलला काय सोनचाफ्याचा वास होता? सगळेच रंग सारखे घाण मारायचे. आणि डब्यावर इनॅमल लिहिलंय, वहीत इनॅमल लिहिलंय, वहीवर तुझी सही आहे. मी वास घेत बसू?"

शनिवारी तिची मुलाखत होती, गावातल्या एका कॉलेजात. जागा एक आणि अट एक: पीएच.डी. झालेली हवी. गुरुवारी व्हायवा, शुक्रवारी विद्यापीठाचं पत्र, शनिवारी मुलाखत, अशी तिने उतरंड रचून ठेवली होती. वडील जतजवळ जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर होते. मुलाखतीला सोबत म्हणून ते येणार होते. एकतीस वर्षांच्या मुलीला सोबत.

"चौथं प्रकरण काढलं तर प्रबंधात काय उरतं?" मी विचारलं.

"आभार आणि संदर्भसूची."

"मग असं करू. रिपोर्ट शुक्रवारी आला म्हणू. पाकिटावरचा शिक्का कोण बघतंय?"

ती माझ्याकडे बघत राहिली. रागाने नाही. दुकानात दोन सारख्याच वस्तूंतली कुठली घ्यावी असं बघतात तशी.

"आणि वर्षभराने कुणी हेच काम परत करून बघितलं? तुझ्या बाटलीशिवाय? जन्मभर कुणी बघू नये म्हणून नवस बोलत बसू का मी?" तिने रिपोर्टची घडी घातली. "मी सांगणार आहे. सुळका खोटा, हे मी सांगेन. पण ते डब्यात तू ओतलंस, हे तू सांगायचंस. ते मी नाही सांगणार. तुझं तू."

"सांगेन."

"नक्की?"

"वैजू, सांगेन म्हटलं ना."

हे मी मनापासून म्हणालो. मंगळवारी मी अगदी मनापासून सांगणार होतो.

बुधवारी आम्ही दोघं मॅडमच्या खोलीत गेलो. हर्डीकर मॅडमचा आवाज कधी चढत नसे. तीस वर्षांत त्या कुणावर ओरडल्याचं ऐकिवात नव्हतं. त्या आत आल्या की माणसं आपोआप टेबलावरचे कोपर काढत. त्यांनी रिपोर्ट वाचला, चष्मा काढला, पदराने पुसला.

"कधी आला हा?"

"सोमवारी," मी म्हणालो.

"सोमवारी कशाला आला?"

त्यांनी रिपोर्ट टेबलावर ठेवला.

"पाटणे, टपाल कधीकधी टेबलावर पडून राहतं. चार-पाच दिवस. राहत नाही का?"

"राहतं, मॅडम."

"हे नाही राहिलं, मॅडम," वैजू म्हणाली.

मॅडमनी चष्मा परत लावला. "कारंडे, जूनमध्ये मी निवृत्त होते आहे. आजवर बावीस जणांना पदव्या मिळाल्या. तू तेविसावी. तुला सांगायचं असेल तर मी तुझं तोंड धरणार नाही. परीक्षक ठवरे माझ्या ओळखीचे आहेत. नागपूरचे, सभ्य गृहस्थ. पण नेल पॉलिश हा शब्द ऐकल्यावर माणूस कितपत सभ्य राहील याची हमी मी देऊ शकत नाही."

"चालेल, मॅडम."

"मला एवढंच सांगा, ते डब्यात आलं कसं?"

वैजूने खिडकीकडे बघितलं. मी टेबलावरच्या काचेखालचं वेळापत्रक वाचू लागलो. सोमवार, पहिला तास, उभयचर.

"येत्या सोमवारी पाटण्यांना कायम करायची समिती बसते आहे," मॅडम म्हणाल्या, जणू विषय बदलला. "फाइलवर माझा शेरा झाला आहे. चांगला आहे. पण विभागात कुणी नोंदवही खोटी लिहिली असेल, तर त्याला मी एक दिवस ठेवणार नाही. मग तो कुणी का असेना."

हे बोलताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांना माहीत होतं की नव्हतं, हे मला आजही सांगता येणार नाही.

बाहेर आल्यावर वैजू जिन्याशी थांबली.

"उद्या सांगतोयस ना?"

"हो."

"ऐकलंस ना आत काय म्हणाल्या ते?"

"ऐकलं."

"तरी?"

"तरी."

"बघ हं, पाटण्या," ती म्हणाली. तिच्या आवाजात धमकी नव्हती. आजारी माणसाला 'आज बरं वाटतंय ना' विचारतात, तसं विचारल्यासारखं होतं.

घरी बायकोने शेजारी सांगून ठेवलं होतं, की सोमवारनंतर आम्ही एक दिवसाची सुट्टी कधी घेणार नाही.

गुरुवारी अकराला सेमिनार हॉलमध्ये दहा-बारा माणसं होती. बाहेरचे परीक्षक ठवरे, मॅडम, विभागप्रमुख, कुलसचिव कार्यालयातून आलेले एक देशपांडे, आणि मागे चार-पाच विद्यार्थी. मी प्रोजेक्टरपाशी उभा. ट्रान्सपरन्सी बदलायचं काम माझ्याकडे होतं. कोपऱ्यातल्या टेबलावर कचोऱ्यांचं पातेलं कागदाने झाकून ठेवलेलं. देशपांडे अधूनमधून त्या बाजूला नजर टाकून येत.

वैजूने पहिली तीन प्रकरणं सुरेख मांडली. ठवरे मान डोलावत होते. मग तिने मला खूण केली आणि मी आगाशेच्या रिपोर्टची ट्रान्सपरन्सी काचेवर ठेवली. पेन्सिलीची ओळ तिने खोडून काढली होती.

"सर, चौथ्या प्रकरणातला अठरावा सुळका राणीचा नाही," ती म्हणाली. "तो राणीच्या पाठीवरच्या ठिपक्याचा आहे. डब्यातला लाल रंग इनॅमल नव्हता. नेल पॉलिश होतं. हे मला या मंगळवारी कळलं."

मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं आणि खोकल्यावर नेलं.

ठवरे पुढे झुकले. "बाई, मी हा प्रबंध दोनदा वाचला आहे. दुसऱ्यांदा कौतुकाने. एकशे बाराव्या पानावर तुम्ही लाल इनॅमल लिहिलं आहे."

"हो, सर."

"नोंदवहीत?"

"लाल इनॅमलच."

"मग डब्यात नेल पॉलिश गेलं कसं? चालत?"

वैजूने माझ्याकडे पाहिलं.

प्रोजेक्टरचा पंखा घूं घूं करत होता. मी तोंड उघडलं असतं तर सहा शब्द पुरेसे होते. मी ते रात्रीपासून मोजून ठेवले होते: सर, ते मी बाजारातून आणून ओतलं. ठवरे तिच्याकडे बघत होते. तिची नजर जिथे होती तिकडे मॅडम बघू लागल्या. देशपांड्यांनीही मान वळवली. मी एक पाऊल पुढे टाकलं. आता सगळेच माझ्याकडे बघत होते.

काचेवरची ट्रान्सपरन्सी जराशी तिरकी झाली होती. मी ती सरळ केली आणि पाऊल मागे घेतलं.

"मी ओतलं," वैजू म्हणाली.

"तुम्ही?"

"लाल संपला होता. माझ्याकडे नेल पॉलिश होतं, ते डब्यात ओतलं. वहीत बदल करायला पाटण्यांना सांगायचं राहिलं."

"पण आत्ता तर म्हणालात, मंगळवारी कळलं."

"रिपोर्ट मंगळवारी कळला, सर. ओतलं होतं ते मी विसरले होते."

"विसरलात," ठवरे म्हणाले.

"हो, सर."

"बायकांचं एक बरं असतं," देशपांडे म्हणाले, "रंग पर्समध्येच तयार असतो!" आणि सगळे हसले. सुटल्यासारखे हसले. ठवरेही जरासे. मॅडम हसल्या नाहीत. त्या खाली मान घालून पॅडवर काहीतरी लिहीत होत्या. मी हसलो की नाही ते मला आठवत नाही, म्हणजे बहुधा हसलो असेन.

निकाल असा झाला: चौथं प्रकरण नव्याने करावं, वर्षाच्या आत प्रबंध पुन्हा सादर करावा, पदवीची शिफारस तूर्त नाही. उमेदवाराच्या प्रामाणिकपणाबद्दल परीक्षकांनी अभिनंदन केल्याची नोंद इतिवृत्तात घेतली गेली. मग कागद काढून पातेलं उघडण्यात आलं.

वैजू बाहेर कॉरिडॉरमध्ये ट्रान्सपरन्सी खोक्यात भरत होती. मी जवळ गेलो.

"वैजू, मी बोलणारच होतो."

"ट्रान्सपरन्सी छान सरळ केलीस," ती म्हणाली.

"खरंच बोलणार होतो गं. तू थोडं थांबली असतीस तर..."

"किती थांबायचं? ठवऱ्यांची दोनची गाडी आहे."

"थट्टा करू नकोस."

"मग काय करू?" तिने खोक्याचं झाकण लावलं. ते बसेना, म्हणून काढून पुन्हा लावलं. "बरं, एक सांग. मी तिथे तुझं नाव घेतलं असतं, तर तू काय म्हणाला असतास?"

मी विचार करायला लागलो.

"खरं सांग. आता इथे कुणी नाहीये."

"नाही म्हणालो असतो," मी म्हणालो. "बहुतेक."

"तेच मला वाटलं. मग तासभर तेच. वही आणा, सही कुणाची, दुकान कुठलं, माणूस बोलवा. शेवटी मी रडून कांगावा केला असं ठरलं असतं. आणि सुळका तर गेलेलाच." ती भिंतीला टेकली. "उपकार म्हणून नाही केलं मी. तेव्हा आभार वगैरे मानू नकोस. मला फक्त ते संपायला हवं होतं. दमले रे मी."

आतून ठवऱ्यांचा हसण्याचा आवाज आला.

"कचोरी खाल्लीस?" तिने विचारलं.

"नाही."

"जा, खा. गार झाल्यावर वातड होतात."

शनिवारी तिचे वडील पहिल्या गाडीने आले. त्यांना कळवायला फोन नव्हता. पांढरा इस्त्रीचा शर्ट, हातात पिशवी. वैजू त्यांना मागच्या जिन्यापाशी घेऊन आली. मी वर प्रयोगशाळेच्या खिडकीत होतो. तिने त्यांना काय सांगितलं ते ऐकू आलं नाही. मग ते मान वर करून पोळं बघत म्हणाले ते ऐकू आलं.

"ह्यातली राणी कंची?"

"ती, कडंची."

"सारख्याच दिसत्यात की गं समद्या."

"व्हय, आबा. सारख्याच हायत."

कॉलेजातली जागा दुसऱ्या कुणाला गेली. सोमवारी समिती बसली आणि मी कायम झालो. मॅडमचा शेरा चांगलाच होता, त्यात त्यांनी एक शब्दही बदलला नव्हता.

वैजूने पुढचं वर्ष सगळं नव्याने केलं. राण्यांना कुठलाच ठिपका नाही. पोळ्यावर तासन्‌तास नजर ठेवून ओळखायच्या. नमुने मीच टोचत होतो. ती बाटल्या आणून ठेवायची, 'अहो पाटणे, हे बारा आहेत' म्हणायची आणि जायची. दीपस्तंभ कुठेच उभा राहिला नाही. राणीच्या आणि कामकरींच्या अंगावर रसायनं तीच निघाली, सगळीच्या सगळी. राणीच्या अंगावर चार-पाच थोडी जास्त, चार-पाच थोडी कमी, एवढाच फरक. पोळ्यावरून राणी काढली की दुसरी कुणी तिची जागा घ्यायची आणि थोड्याच दिवसांत तिच्या अंगावर तेच प्रमाण दिसायचं. ठवऱ्यांनी हा प्रबंध आधीच्यापेक्षा चांगला असल्याचं लिहिलं. पदवी मिळाली तोवर मॅडम निवृत्त झाल्या होत्या आणि प्राध्यापक भरतीवर बंदी आली होती. वैजू तिकडेच, जतच्या बाजूला, एका ज्युनिअर कॉलेजात अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते, असं ऐकलं. तिने शिकवलेली दोन मुलं आमच्या विभागात येऊन गेली. चांगली होती.

आमच्याकडे दर जुलैत एम.एस्सी.ची नवी मुलं येतात. त्यांना जीसीसमोर उभं करून विभागप्रमुख ही गोष्ट सांगतात: आपल्याच विभागातल्या एका संशोधिकेने गांधीलमाश्यांना नेल पॉलिश लावलं आणि राणीचं रसायन सापडलं म्हणून तीन वर्षं आनंदात होती. तात्पर्य, नमुना स्वच्छ ठेवावा. प्रमुख बदलले, गोष्ट राहिली. पहिली काही वर्षं नाव घेत नसत. मग घेऊ लागले. मी यंत्राशेजारी उभा असतो. माझं काम यंत्र चालू करून दाखवणं.

सहा वर्षांपूर्वी एका जुलैत प्रमुखांना ताप होता. ते फोनवर म्हणाले, "पाटणे, तुम्हीच सांगा या वेळी. तुम्ही तर प्रत्यक्ष होतात."

मी सांगितली. चांगली सांगितली. दीपस्तंभाशी थांबलो, 'चालत?' ला थांबलो. मुलं योग्य ठिकाणी हसली. पुढच्या रांगेतल्या एका मुलीने हात वर केला.

"पण सर, प्रयोगशाळेत मुळात नेल पॉलिश आणेल कशाला कुणी?"

"त्या दिवशीच्या साडीला जुळत होतं म्हणे," मी म्हणालो.

मुलं पुन्हा हसली, आधीपेक्षा जास्त. ती मुलगीही हसली आणि तिने वहीत काहीतरी लिहून घेतलं.

साडीचं तोवर कुणीच म्हटलेलं नव्हतं. ते मी घातलं. आता सगळे तसंच सांगतात.